शेजारी, सासू, सून आणि पवित्र शास्त्र

हेंद्रेपाडा म्हणजे बदलापूर पश्चिमेचा, उल्हास नदीकडचा भाग. बातम्यांत त्याचे नाव येते ते बहुधा पावसाळ्यात. बदलापूरला नदीची धोक्याची पातळी साडेसतरा मीटर धरतात. ती ओलांडली की रमेशवाडी, हेंद्रेपाडा, वालिवली ही नावे ओळीने ऐकू येतात. २६ जुलै २००५ चा पूर जुन्या रहिवाशांच्या बोलण्यात अजून येतो. त्यानंतर जुलै २०१९ आणि जुलै २०२१ मध्येही तळमजल्यावरच्या घरांनी पाणी पाहिले. एरवी हा चाकरमान्यांचा भाग आहे. मुंबई सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर. इथे घर घ्यायचे ते परवडते म्हणून, आणि त्याची किंमत रोज लोकलच्या डब्यात उभे राहून फेडायची.

वसईसारखी जुनी ख्रिस्ती गावठाणे या पट्ट्यात नाहीत. अंबरनाथचा आयुध निर्माणी कारखाना, उल्हासनगरचे छोटे-मोठे कारखाने, मुंबईतल्या नोकऱ्या यांच्या मागे माणसे आली. अहमदनगर, पुणे, सोलापूरकडची मराठी ख्रिस्ती घरे आली, मल्याळी आली, तमिळ आणि तेलुगू आली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसे सुमारे १० लाख ८० हजार होती, म्हणजे शंभरातली एकही पूर्ण नाही. त्यामुळे हेंद्रेपाड्यातल्या एखाद्या इमारतीत ख्रिस्ती घर असले तर बहुधा एकच असते. वर-खाली, डावी-उजवीकडे सगळे शेजारी वेगळ्या धर्माचे. मंडळी, म्हणजे उपासनेला एकत्र येणारी माणसे, दूरदूर पसरलेली. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असला की उपासनेला पोहोचणेच कठीण, म्हणून आठवड्यात कुणाच्या तरी घरी प्रार्थना होते. चटया अंथरतात, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडतात, पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, किंवा एखादे जाणते वडीलधारे बोलतात, चहा होतो.

अशा घरगुती सभेत स्वर्गाबद्दलचे प्रश्न फार विचारले जात नाहीत. प्रश्न येतात ते असे: शेजारच्या वहिनींनी दिवाळीचा फराळ पाठवला, घ्यावा का? नवरा हात उचलतो, पण पाळक म्हणतात अधीन राहा, मग काय करू? भावाने गावाकडचे घर स्वतःच्या नावावर करून घेतले, त्याला माफ करायचे म्हणजे काय करायचे? घराचे हप्ते आहेत, आईची औषधे आहेत, मग दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, मंडळीला द्यायचा कुठून?

हे सगळे प्रश्न नात्यांचे आहेत, आणि नात्यांबद्दल पवित्र शास्त्रात बरेच काही आहे. पण आमच्या मंडळ्यांत ते अनेकदा उलट्या टोकाने वाचले जाते. शास्त्र आधी बोलते ते ज्याच्या हातात ताकद आहे त्याच्याशी: नवऱ्याशी, बापाशी, मालकाशी, सावकाराशी, अधिक शिकलेल्याशी. आपण मात्र तीच वचने दुबळ्या माणसापुढे धरतो आणि त्याला गप्प बसवतो. मी स्वतः मराठी ख्रिस्ती घरात वाढले आहे. म्हणून हे बाहेरून केलेले परीक्षण समजू नये, ही घरातलीच तक्रार आहे.

आधी फराळाचा प्रश्न घेते, कारण हा दिवाळी अंक आहे आणि वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी असा डबा कधीतरी ख्रिस्ती शेजाऱ्याकडे पाठवला असेल. काही प्रचारक सांगतात, देवापुढे ठेवलेले अन्न घेऊ नका. चकली-करंजीचे ताट घरात येते, गृहिणी हसून घेते, आणि मग ते कामवालीला किंवा वॉचमनला जाते. शेजारणीला हे कधीतरी कळतेच, आणि तिच्या मनाला ते लागते.

हा प्रश्न जवळजवळ दोन हजार वर्षे जुना आहे. करिंथ हे ग्रीसमधले बंदराचे, व्यापाराचे, मिश्र वस्तीचे शहर होते. तिथल्या बाजारात येणाऱ्या मांसापैकी बरेचसे देवळांतल्या बळीचे असे. मूठभर ख्रिस्ती माणसांना शेजारी जेवायला बोलावत. जावे की नाही, यावरून मंडळीत तट पडले. प्रेषित पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय याच भांडणावर खर्च झाला आहे. त्याचे उत्तर थोडक्यात असे: मूर्तीमुळे अन्नात काही बदल होत नाही. शेजाऱ्याने बोलावले आणि जावेसे वाटले तर जा, पुढे आलेले खा, चौकशा करीत बसू नका. देवळाच्या पंगतीत जाऊन पूजेत भागीदार होणे मात्र त्याला मान्य नव्हते. आणि कुणी मुद्दाम सांगितले की हे अर्पण केलेले आहे, तर त्या सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून थांबा. ज्याला मूर्ती म्हणजे काही नाही हे पक्के कळले आहे, त्याने आपल्या कळण्याचा तोरा मिरवू नये. ज्याचे मन अजून डळमळीत आहे त्याच्यासाठी अधिक जाणत्याने स्वतःचा हक्क सोडावा.

म्हणजे इथेही ओझे आहे ते जाणत्यावर. पौलाने सरसकट नियम घालून दिला नाही. त्याने माणसाकडे पाहायला सांगितले. हेंद्रेपाड्यातल्या इमारतीत शेजारीण प्रेमाने फराळ आणते तेव्हा ती कुणाची श्रद्धा बदलायला आलेली नसते. ते ताट हसून घेऊन मागच्या दाराने बाहेर काढणे हा तिच्याशी केलेला खोटेपणा आहे, आणि खोटेपणा टाळा असे पवित्र शास्त्र वारंवार सांगते. ज्याचे मन खरोखर कचरते त्याने तिला सरळ आणि आदराने तसे सांगावे. माझ्या मते बहुतेक वेळा तेवढीही गरज पडणार नाही. नाताळात आपल्या घरी करंज्या आणि केक होतात तेव्हा ताट उलट दिशेने जातेच.

मराठीत मात्र या प्रश्नाची सर्वांत खोल हकीकत उलट्या बाजूची आहे. तिथे सोवळे पाळणारी होती बायको, आणि ख्रिस्ती झाला होता नवरा.

कवी नारायण वामन टिळक रेल्वेने प्रवास करीत असताना एका परदेशी सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचन, म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानातले पाच ते सात हे अध्याय, वाचून ते हलले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरी पत्नी लक्ष्मीबाई, लहान मुलगा दत्तू. लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे, गोखल्यांचे. त्यांच्या वडिलांचे सोवळे गावाबाहेरही माहीत असावे असे कडक होते. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. अशा घरातल्या मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला. तिच्या दृष्टीने तो जिवंत असून गेल्यासारखाच होता. पुढची चार-पाच वर्षे पती-पत्नी वेगळे राहिले. नातलगांनी तिला सांभाळले. तिची मनःस्थिती बिघडली, मुलाची काळजी होती, समाजाचे बोलणे होते. इकडे नवरा पत्रे लिहीत राहिला.

लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झाले आणि मराठी आत्मचरित्रांत त्याची जागा फार वरची आहे. ते वाङ्मय म्हणून वाचले जाते, वाचलेच पाहिजे. मी ते आणखी एका कारणासाठी पुन्हा पुन्हा वाचते. ख्रिस्ती शिकवण एखाद्या मराठी संसारात उतरते तेव्हा नेमके काय होते, याचा त्याच्याइतका प्रामाणिक दस्तऐवज दुसरा नाही. त्यात टिळकांचा तापट स्वभाव आहे, पैसा हातात न टिकणे आहे, येईल त्याला घरात घेणे आहे. आणि या सगळ्याची झळ सोसत, भांडत, हसत संसार ओढणारी बाई आहे.

दोघांनी पुन्हा एकत्र यायचे ठरवले तेव्हा लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. अहमदनगर भागात संसार पुन्हा सुरू झाला तो दोन चुलींचा. तिचे सोवळे वेगळे, तिचे पाणी वेगळे, तिचा स्वयंपाक वेगळा. त्या काळात नवऱ्याच्या हातात सगळे होते: कायदा, कमाई, मिशनचा आधार, स्वतःच्या श्रद्धेची खात्री. तरी त्याने तिच्या चुलीला हात लावला नाही. तो वाट पाहत राहिला. तिच्या मनात हळूहळू विचार आला की देवाने माणूस केला, जाती माणसाने केल्या. ज्या दिवशी हे तिला पटले त्या दिवसापासून तिने कुणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायला सुरुवात केली. १९०० साली तिने स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी १८९५ साली पत्नीला न सांगता-समजावता जे केले त्याचे समर्थन मी करणार नाही. त्या चार-पाच वर्षांची किंमत मुख्यतः लक्ष्मीबाईंनी मोजली. पण नंतर त्या दोन चुलींच्या घरात जे घडले तेच मला खरे धर्मांतर वाटते, आणि ते दोघांचे होते. श्रद्धेच्या बाबतीत ज्याचे पाऊल पुढे आहे त्याने मागच्याला ओढायचे नाही, थांबायचे. पौलाने करिंथकरांना जे सांगितले ते या घराने करून दाखवले. पुढे याच घरात कितीतरी परकी पोरे वाढली. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांनी सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ हे दीर्घकाव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

आज आंतरधर्मीय लग्न झालेली, किंवा एकाच घरात एकजण चर्चला जाणारा आणि बाकीचे देव्हाऱ्यापुढे बसणारे अशी घरे या पट्ट्यात अनेक आहेत. सासू आरती करते, सून प्रार्थना करते, स्वयंपाकघर एकच. अशा सुनेला उपदेश करण्याआधी प्रत्येक पाळकाने ‘स्मृतिचित्रे’ वाचावे, असे मला मनापासून वाटते.

आता त्या वचनाकडे येते, ज्याने आमच्या बायकांना फार सोसायला लावले आहे. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातल्या बाविसाव्या वचनात पत्नींनी पतीच्या अधीन असावे असे म्हटले आहे. लग्नात ते वाचले जाते, संसारात ते ऐकवले जाते. पण त्याच्या अगदी आधीचे एकविसावे वचन सगळ्यांना एकमेकांच्या अधीन व्हायला सांगते. पत्नींसाठी पौल तीन वचने लिहितो. पतींसाठी त्याच्या दुपटीहून अधिक लिहितो, आणि तिथे मागणी किती मोठी आहे पाहा: ख्रिस्ताने मंडळीसाठी जीव दिला तसे पत्नीवर प्रेम करा, स्वतःच्या देहाला जपता तसे तिला जपा. पुढच्या अध्यायात मुलांना आज्ञा पाळायला सांगून झाले की लगेच बापांना बजावले आहे, मुलांना चिडीला आणू नका. मालकांना सांगितले आहे, नोकरांना धमकावणे सोडा, तुमचाही मालक वर आहे. पहिल्या शतकातल्या घरात बाप, नवरा, मालक हा एकच माणूस असे आणि त्याला जाब विचारणारे कुणी नसे. पौलाने त्याला जाब विचारला. हे पत्र ज्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने वाचले गेले असेल त्या दिवशी अस्वस्थ झाला असेल तो हा माणूस.

मग हात उचलणाऱ्या नवऱ्याच्या बाजूने हे वचन कसे वापरता येते? वापरता येते, कारण ते अर्धेच वाचले जाते. हे टाळायचा एकच उपाय आहे, बाईने पुस्तक स्वतः वाचणे. पंडिता रमाबाईंना हे आमच्यापेक्षा आधी समजले होते. संस्कृत शास्त्रांत निपुण असलेली ही बाई १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाली आणि तिथल्या धर्मगुरूंपुढे व जोगिणींपुढेही तिने मान तुकवली नाही. माझी सद्सद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हवाली करणार नाही, हा तिचा आग्रह तिच्या पत्रव्यवहारात पानोपानी आहे. दौंडजवळच्या केडगावला तिने मुक्ती मिशन उभारले. दुष्काळातून आणलेल्या, टाकलेल्या, विधवा झालेल्या बायका-मुली तिथे शिकल्या. उतारवयात ती हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करीत बसली, साध्या बायकांना समजेल अशा भाषेत. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही बायकाच होत्या. ५ एप्रिल १९२२ ला तिचे निधन झाले. त्याआधी काम पुरे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. ज्या बाईने अध्यायच्या अध्याय स्वतः वाचला आहे तिच्यापुढे एकच वचन नाचवता येत नाही.

चर्चच्या भिंतीबाहेरचा कायदाही या बाबतीत फार उशिरा सुधारला. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरत असे. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षे टाकून देणे असे आणखी काही सिद्ध करावे लागे. म्हणजे नुसती मारहाण पुरेशी नव्हती. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही विषमता घटनाबाह्य ठरवली आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. क्रूरता हे स्वतंत्र कारण झाले, संमतीने घटस्फोट घेता येऊ लागला. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तर सर्व धर्मांच्या बायकांना सारखा लागू आहे. तो राहत्या घरातून बाहेर काढले जाण्यापासूनही संरक्षण देतो. ही माहिती किती मंडळ्यांत दिली जाते? लग्नाआधीच्या समुपदेशनात प्रार्थनेबरोबर हे दोन कायदे सांगायला दहा मिनिटे लागतील.

रूथचे पुस्तकही असेच एका बाजूने वाचले जाते. विधवा सून सासूला सोडत नाही, म्हणून प्रत्येक सुनेपुढे रूथचा आदर्श. पण गोष्टीची सुरुवात पाहा. सासू नामीचे दोन्ही मुलगे मेलेले, तिला आधार कुणाचाच नाही, आणि तरी ती आधी दोन्ही सुनांना मोकळे करते: आपापल्या माहेरी जा, नवे संसार करा, देव तुमचे भले करो. एक सून जाते. नामी तिला नावे ठेवत नाही, पुस्तकही ठेवत नाही. रूथ राहते ती स्वतःच्या मर्जीने, म्हणून तिच्या राहण्याला मोल आहे. बदलापूरच्या दोन खोल्यांच्या घरात सासू-सुनेचे प्रेम हवे असेल तर पहिली चाल सासूची आहे.

क्षमेबद्दल लिहिताना मला जास्त सावध राहावे लागते. सत्तर वेळा सात वेळा क्षमा करावी हे येशूचे सांगणे प्रत्येक ख्रिस्ती मुलाला पाठ असते. ते मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. त्याच अध्यायात त्याआधी दोन गोष्टी आहेत, त्या मात्र विसरल्या जातात. एक अशी: भावाने तुझा अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याला त्याची चूक दाखव. ऐकले नाही तर एक-दोघांना घेऊन जा. तरी ऐकले नाही तर मंडळीला सांग. आमच्याकडे हल्ली हा क्रम नेमका उलटा चालतो. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर आधी वचन पडते, सगळ्यांना कळते ते कुणाला उद्देशून आहे, आणि ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याशी समोरासमोर बोलणे वर्षभर होत नाही. एकट्याने जाऊन बोलण्याने किती नाती वाचतील! गावाकडच्या घरावरून तुटलेल्या भावाकडे जाण्यासाठी हेंद्रेपाड्यातून निघायला धैर्य लागते, पण मार्ग तोच आहे. वेदीशी अर्पण घेऊन उभा असलास आणि भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी समेट कर, असे डोंगरावरच्या प्रवचनात आहे. तिथे मात्र उठून जायचे आहे ते ज्याच्याकडून अपराध घडला त्याने. भावाचे घर बळकावणाऱ्याला हे वचन आधी लागू होते, ज्याचे घर गेले त्याला नंतर.

दुसरी विसरलेली गोष्ट लहानांबद्दलची. या लहानांपैकी एकाला जो अडखळण होईल त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणे बरे, इतके कठोर शब्द येशूने फार थोड्या ठिकाणी वापरले आहेत. बदलापूरला हे वाचताना ऑगस्ट २०२४ आठवल्याशिवाय राहत नाही. शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, आणि २० ऑगस्टला संतप्त लोक रेल्वे रुळांवर उतरले, कित्येक तास लोकल बंद राहिल्या. त्या दिवशी शहरातला प्रत्येक आईबाप आपल्या लेकरांचा विचार करीत होता.

जगभरच्या चर्चनी या बाबतीत जे केले, अपराध झाकले, अपराध्याला दुसऱ्या गावी पाठवले आणि पीडितांना क्षमा करायला सांगितले, त्याची लाज प्रत्येक ख्रिस्ती माणसाला वाटायला हवी. आपल्या छोट्या मंडळ्या त्यापासून आपोआप सुरक्षित आहेत असे मानणे भोळेपणाचे ठरेल. संडे स्कूल आहे, शिबिरे आहेत, वसतिगृहे आहेत. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ चा आहे. त्याच्या एकोणिसाव्या कलमाने मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. पाळकही त्यात आला, मंडळीचा कारभार पाहणारे वडील मंडळही आले. क्षमा ही पीडिताची गोष्ट आहे. ती मागण्याचा हक्क अपराध्याला नाही आणि त्याची वकिली करणाऱ्या मंडळीला तर मुळीच नाही. लूकच्या सतराव्या अध्यायातही आधी दटावणे आहे, मग पश्चात्ताप आहे, मग क्षमा आहे. तक्रार नोंदवणे हा त्या दटावण्याचाच आजचा मार्ग आहे.

पैशाबद्दल थोडक्यात. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू धर्मपंडितांवर रागावतो, कारण लोक आईबापांच्या पोषणाचा पैसा देवाला अर्पण झाला असे जाहीर करून मोकळे होत आणि पंडित त्यांना ती पळवाट देत. आईच्या गोळ्या आणि दशमांश यांत ज्याला आज निवड करावी लागते त्याला हे वचन पुरेसे स्पष्ट आहे. आधी आई. दशमांश न देणाऱ्यावर शाप येईल अशी भीती घालणाऱ्या प्रचारकाने मार्कचा तो अध्याय मोठ्याने वाचून दाखवावा. आणि आपल्या घरी काम करायला येणाऱ्या बाईचा पगार? आसपासच्या वाड्यावस्त्यांतून, आदिवासी पाड्यांतून बायका बदलापूरच्या इमारतींत धुणीभांडी करायला येतात. मोशेच्या नियमशास्त्रात मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवून ठेवू नये असे आहे. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात अडवलेली मजुरीच ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. पुरात घर धुऊन निघाले म्हणून बाई चार दिवस आली नाही आणि तिचे चार दिवस कापले, असे ख्रिस्ती घरात होऊ नये. होते.

जातीलाही लागू पडेल असे याच याकोबाने लिहिले आहे: सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा आणि फाटक्या कपड्यातल्याला पायाशी, असा भेद सभेत करू नका. एकच प्याला आणि एकच भाकर सगळ्यांनी घ्यायची हा प्रभुभोजनाचा नियम मराठी मुलखात आला तेव्हा तो नुसता विधी नव्हता, तो समाजाला हादरा होता. आज मात्र ख्रिस्ती वधू-वरांच्या चौकशीत मूळ कुठले, पूर्वीचे कोण, हे विचारले जाते. सरकारी कागदावर १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा नाही, आणि लग्नाच्या बोलणीत त्याची जात मात्र पक्की. या दुहेरी अन्यायाचा पहिला अर्धा भाग दिल्लीत सुटायचा आहे. दुसरा अर्धा आमच्या घरांत, मुलीचे लग्न ठरवताना, आजच सुटू शकतो.

पुन्हा नदीकडे वळते. २७ जुलै २०१९ च्या पहाटे बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हासच्या पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी डब्यांत होते, त्यांत गरोदर बायका होत्या. बचाव पथके बोटी घेऊन आली, हेलिकॉप्टर आले, आणि आसपासचे गावकरी मदतीला धावले. सगळे प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. लूकच्या शुभवर्तमानात माझा शेजारी कोण, असा प्रश्न एका शास्त्र्याने येशूला विचारला आहे आणि उत्तरादाखल येशूने शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली: रस्त्यात जखमी पडलेल्याला पाहून याजक बाजूने निघून गेला, देवळातला सेवक लेवी निघून गेला, आणि ज्याच्याशी यहुदी बोलतही नसत तो परका माणूस थांबला. ती गोष्ट त्या दिवशी उल्हासच्या काठी पुन्हा घडली. घडवली ती अशा माणसांनी, ज्यांतल्या बहुतेकांनी लूकचे शुभवर्तमान कधी उघडलेले नाही. ख्रिस्ती माणसाने हे आनंदाने कबूल केले पाहिजे. आपल्या मालकीची शिकवण इतरांनी आपल्याआधी आचरली, हे त्या गोष्टीतच लिहिलेले आहे.

हेंद्रेपाड्यात पाणी चढू लागले की तळमजल्यावरच्यांनी वर जायचे असते. कुणाच्या दारी जायचे, कुणाचे दार उघडेल, हे त्या रात्री ठरत नाही. ते आधीच्या वर्षभरात ठरलेले असते: फराळाच्या ताटाला काय केले, जिन्यात कुणाशी बोललो, कुणाच्या आजारपणात गेलो, यावर. इमारतीतले एकमेव ख्रिस्ती घर वरच्या मजल्यावर असेल तर त्याचे दार पहिल्यांदा उघडले पाहिजे.

नाताळ जवळ येतो आहे. मंडळ्यांच्या सभा होतील, पुढच्या वर्षाचे कार्यक्रम आणि अंदाजपत्रक ठरेल. या पट्ट्यातल्या प्रत्येक मंडळीच्या वडील मंडळाला माझी विनंती आहे. संडे स्कूलमध्ये मुलांबरोबर एकटा प्रौढ राहणार नाही असा नियम लेखी करा. लग्नाच्या समुपदेशनात इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय एकविसाव्या वचनापासून वाचा. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला पहिल्या भेटीत परत पाठवू नका; तिच्याबरोबर एखाद्या जाणत्या बाईला द्या, वकिलाचा खर्च लागला तर मंडळीच्या निधीतून करा. आणि मुलांसाठीचा १०९८ व महिलांसाठीचा १८१ हे दोन्ही मदतक्रमांक उपासनेच्या जागेच्या दारावर, आत येणाऱ्याला दिसतील एवढ्या मोठ्या अक्षरांत, या नाताळाआधी लावा.